मोरीतून वाहणारे पाणी

विष्णुपुरी हे नांदेड शहराजवळचे गोदाकाठचे गाव. येथे काळेश्वराचे मंदिर आहे, 1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि गोदावरीचे पाणी अडवून निर्माण केलेला शंकरसागर जलाशयही आहे. नांदेड शहराला पिण्याचे पाणी ह्याच जलाशयातून मिळते. नदीच्या वरच्या अंगाला असलेली गावे पाण्यात जे सोडतात, ते वाहत ह्या जलाशयाकडे येते. शहर जे सोडते, ते पुढच्या गावांच्या वाट्याला जाते. म्हणून आपल्या मोरीतून काय वाहते, हा केवळ आपल्या घरापुरता प्रश्न नव्हे.

प्रथम मळ कसा निघतो ते पाहू. मळ म्हणजे बहुधा तेलकट पदार्थ आणि त्याला चिकटलेली धूळ. तेल पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे नुसत्या पाण्याने ते निघत नाही. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला. अशा रीतीने तेल सुटून पाण्याबरोबर निघून जाते. निसर्गाने हाच गुण रिठ्याच्या फळाला दिला आहे. त्यातील सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे पाण्याला फेस येतो. रिठ्याला संस्कृतात 'फेनिल' म्हणतात, ते ह्यामुळेच. लाकडाच्या राखेत क्षार असतो. तो भांड्यावरील तेलकटपणा सोडवितो. चिंचेतील आम्ल तांब्यापितळेवरचा काळा थर विरघळविते. आपल्या आजीपणजींनी रसायनशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. परंतु कोणत्या डागाला कोणता पदार्थ लागतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

आज बाजारात नाना रंगांच्या बाटल्या मिळतात. त्यांतील प्रत्येक बाटली वाईट असते असे नाही. पण काही द्रव्ये मात्र फार जपून हाताळावी लागतात. संडास व फरशी धुण्याचे अ‍ॅसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. ते कातडी भाजते, डोळ्यांना इजा करते आणि त्याची वाफ घसा जाळते. मराठवाड्यातील अनेक घरांत शहाबादी फरशी असते. हा दगड चुनखडीचा असल्यामुळे आम्लाने डागाबरोबर तोही झिजतो. लिंबू आणि चिंच ह्यांचे आम्ल सौम्य असले, तरी ह्या फरशीवर तेही वापरू नये. तिला सौम्य साबणाचे पाणीच पुरते.

याहून मोठा धोका दोन द्रव्ये एकत्र करण्यात आहे. ब्लीचिंग पावडरीत अ‍ॅसिड पडले, की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर हाच वायू सोडला होता. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. लहानशा, बंद न्हाणीघरात त्याने क्षणात श्वास कोंडतो. ब्लीचिंग पावडरीत लिंबू किंवा व्हिनेगर मिसळणेही म्हणूनच धोक्याचे आहे.

पण तोच क्लोरीन योग्य प्रमाणात पाण्यात घातला, तर पटकीसारख्या रोगांचे जंतू मारतो. नळाचे पाणी निर्धोक करण्याचे काम त्याच्याकडेच आहे. तेव्हा द्रव्याला दोष देण्यापेक्षा त्याचे प्रमाण आणि ठिकाण ओळखणे महत्त्वाचे. अति तेथे माती, ही म्हण येथेही खरी ठरते.

आता पुन्हा नदीकडे वळू. कपडे धुण्याच्या काही पावडरींत फॉस्फेट असते. ते, शेतातील खत आणि गावचे सांडपाणी नदीत उतरले, की शेवाळ व जलपर्णी ह्यांना भरपूर खाद्य मिळते. ती पाण्यावर दाट पसरतात. पुढे ती कुजू लागली, की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. एका घराची चिमूटभर पावडर ती काय! परंतु शहरात घरे हजारो असतात.

मग करावे काय? रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी रिठे वापरावे. दहाबारा रिठ्यांच्या बिया काढून साले रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावी, सकाळी उकळून गाळून घ्यावी. हे पाणी दोनतीन दिवसांतच संपवावे, नाही तर ते नासते. त्याचा थेंब डोळ्यात जाऊ देऊ नये, कारण त्याने डोळा चुरचुरतो. तांब्याचा हंडा चिंचेच्या कोळाने उजळावा. तेलकट भांड्यांना चाळलेली राख उत्तम. ती नसेल तर थोडासा साबण घ्यावा. धान्यात कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवावी. घरात कोणी साथीच्या रोगाने आजारी असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील ते जंतुनाशक वापरावे. तेथे लिंबावर विसंबू नये.

मुलांनो, तीव्र द्रव्याची बाटली तुम्ही स्वतः हाताळू नका. असे द्रव्य सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरलेले दिसले, तर तत्काळ वडीलधाऱ्यांच्या निदर्शनास आणा. तहानलेले लहान भावंड ती बाटली सहज तोंडाला लावील.

स्वच्छ घर हे आपले भूषण आहे. पण आपल्या अंगणातील घाण शेजाऱ्याच्या दारात लोटणाऱ्याला आपण स्वच्छ म्हणत नाही. नदीच्या खालच्या अंगाचे गाव हेही आपला शेजारीच होय.