देवगिरीची अंधारी आणि डोळ्यांतील बाहुली

छत्रपती संभाजीनगराहून वेरुळास जाणारा प्रवासी वाटेंतील दौलताबादचा किल्ला पाहिल्याशिवाय सहसा पुढें जात नाहीं. यादवांच्या या देवगिरीची तटबंदी, उभा तासलेला कडा, भोंवतालचा खंदक, सर्वच प्रेक्षणीय आहे. परंतु आज आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे तें तेथील 'अंधारी'कडे. खडकाच्या पोटांतून वर चढत जाणारा हा वळणावळणांचा भुयारी मार्ग. भर दुपारच्या उन्हांतून आंत पाऊल टाकणारास आपला हातही दिसेनासा होतो. उलट, पूर्वीं आंत पहाऱ्यावर बसलेल्या शिपायास, तो बराच वेळ अंधारांत असल्यामुळें, चांचपडत येणारा शत्रु दिसण्याचा संभव पुष्कळच अधिक. दोघांचेही डोळे मनुष्याचेच. मग हा भेद कां पडावा?

डोळ्याच्या मध्यभागीं जो काळा ठिपका दिसतो, तो वस्तुतः एक छिद्र आहे. समोरच्या माणसाच्या या छिद्रांत डोकावलें असतां आपलेंच चिमुकलें प्रतिबिंब दिसतें, म्हणून आपण त्यास 'बाहुली' म्हणतों. लॅटिन भाषेंतही त्यास याच अर्थाचा शब्द आहे, ही मौज लक्षांत घेण्याजोगी आहे. सुश्रुतसंहितेंत 'दृष्टी'चें प्रमाण मसुराच्या डाळीएवढें सांगितलें आहे. परंतु हें प्रमाण नेहमीं एकच राहत नाहीं. बाहुलीभोंवतालच्या रंगीत पडद्यांत दोन प्रकारचे स्नायु असतात. एक बटव्याच्या नाडीप्रमाणें वर्तुळाकार. तो आंवळला म्हणजे बाहुली लहान होते. दुसरा छत्रीच्या काड्यांप्रमाणें पसरलेला; त्याच्या ओढीनें ती मोठी होते. प्रकाश डोळ्यांत शिरतांच त्याची वर्दी मेंदूकडे जाते आणि तेथून सुटलेली आज्ञा सुमारें एक-पंचमांश सेकंदांत पडद्यावर येऊन पोंचते. यांत आपल्या इच्छेचा कांहीं संबंध नसतो. एडिंबरो येथील वैद्य रॉबर्ट व्हिट यांनीं 1751 सालीं या क्रियेचें विवेचन केलें होतें.

शाळेंत असतांना आम्ही मुलांस याचा एक सोपा प्रयोग करावयास सांगत असूं. दिवसा खिडकीजवळ आरसा घेऊन बसावें, एक डोळा तळहातानें झांकावा व दुसऱ्याची बाहुली न्याहाळावी. ती किंचित् मोठी झालेली दिसेल. हात काढतांच ती पुन्हा लहान होते. प्रकाश बदलला एका डोळ्यावरचा, तरी बदल दोहोंत होतो. कारण आज्ञा दोघांस मिळूनच सुटते. मात्र अशा प्रयोगांत सूर्याकडे कधींही पाहूं नये.

आतां थोडें गणित करूं. तरुण माणसाची बाहुली प्रखर उजेडांत सुमारें 2 मिलिमीटर रुंद असते व काळोखांत फार तर 8 मिलिमीटरपर्यंत विस्तारते. रुंदी चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. परंतु दुपारचें ऊन व पौर्णिमेचें चांदणें यांच्या तेजांत कित्येक लाख पटींचें अंतर आहे! तें सोळा पटींनीं कसें भरून निघावें? अर्थात् बाहुली ही केवळ तत्पर द्वारपाल आहे. खरें काम डोळ्याच्या मागील पटलावर चालतें. तेथील सूक्ष्म पेशींतील रंगद्रव्य प्रकाशानें विटतें आणि अंधारांत हळूहळू पुन्हा तयार होतें. रंग ओळखणाऱ्या पेशी आठ-दहा मिनिटांत सावरतात. मंद उजेडांत काम देणाऱ्या पेशींस मात्र अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. पहारेकऱ्याजवळ हा अर्धा तास होता, आंत शिरणाऱ्याजवळ तो नव्हता. एवढाच काय तो भेद. आणि मिळविलेली ही दृष्टि प्रखर दिव्याच्या एका झोतानें पुन्हा हरपते.

हें सर्व किल्ल्यापुरतेंच असतें, तर आम्ही वाचकांचा इतका वेळ घेतला नसता. परंतु वय वाढतें तशी बाहुली आकुंचित होत जाते व अंधारांतही ती पुरेशी उघडत नाहीं. डोळ्यांतील भिंग पिवळसर होतें आणि पटलास सावरण्यास अधिक वेळ लागतो. विशीच्या मानानें साठीच्या माणसाच्या पटलावर सुमारें एक-तृतीयांशच प्रकाश पोंचतो. दिवा मालवतांच नातवास जी वाट दिसते, ती आजोबांस दिसत नाहीं, ती यामुळें. हें हट्टाचें किंवा भित्रेपणाचें लक्षण नव्हे. म्हाताऱ्या माणसाचें हाड एकदां मोडलें म्हणजे पुष्कळदां तें अंथरुणच त्याला कायमचें धरून बसतें, हें कोणत्या घरास ठाऊक नाहीं?

उपाय अगदीं साधे आहेत. वडील माणसांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक मंद दिवा असावा. तो जमिनीलगत असावा, म्हणजे उजेड पायांपुढें पडेल, डोळ्यांवर नाहीं. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांवर पांढरा पट्टा ओढावा. उन्हांतून घरांत येतांना उंबऱ्याशीं भिंतीस हात लावून अंमळ थांबावें. रात्रीं अंथरुणांत फोनच्या लखलखीत पडद्याकडे पाहून लागलीच अंधारांत उठून चालूं नये. ही शेवटची सूचना तरुणांसही लागू आहे.

देवगिरीची अंधारी शत्रूसाठीं खोदलेली होती. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या वाट्यास तसली अंधारी येऊं नये, एवढी काळजी प्रत्येक कुटुंबानें अवश्य घ्यावी.