सांच्यावर कोरलेलें घर

इटली देशांत, रोम शहराच्या पूर्वेस, आपेनाइन पर्वताच्या रांगांपासून एड्रियाटिक समुद्रापर्यंत उतरत गेलेला आब्रुत्सो नांवाचा एक डोंगराळ प्रांत आहे. तेथील जुन्या घरांत चुलीजवळच्या भिंतीवर लांब दांड्यांच्या चिमट्यासारखी एक लोखंडी वस्तु टांगलेली आढळते. चिमट्याच्या टोकांस दोन सपाट तबकड्या असतात. त्यांच्या आंतल्या अंगावर चौकटी, फुलें, कधीं कुळचिन्ह, कधीं एखादा सन आणि पुष्कळदां दोनचार अक्षरें कोरलेलीं असतात. हीं अक्षरें उलटीं असतात. कारण या तबकड्यांमध्यें भाजलेल्या चकतीवर तीं सुलटीं उमटावयाचीं असतात. तीं त्या घराच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. मुलगी सासरीं निघाली म्हणजे लोहाराकडून असा सांचा घडवून तिच्याबरोबर देण्याची त्या प्रांतांत जुनी चाल होती. आपल्याकडे लेकीस दिलेल्या भांड्यांवर नांव घालतात, त्यांतलाच हा प्रकार.

या सांच्यांत भाजलेल्या पातळ, गोड व सुवासिक चकतीस ‘पित्सेल्ला’ म्हणतात, अनेकवचनीं ‘पित्सेल्ले’. आज जगभर पोहोंचलेल्या पिझ्झ्याच्याच नांवाचें हें धाकटें रूप. पदार्थ मात्र अगदीं निराळा. लाक्विलाकडील डोंगरी मुलुखांत याला लोखंडावरून ‘फेर्रातेल्ले’ म्हणतात, किएतीच्या बाजूस ‘नेओले’, तर शेजारच्या मोलीझे प्रांतांत ‘कांचेल्ले’. कोठें ही चकती जाड व मऊ असते, कोठें पापडासारखी पातळ व कुरकुरीत. कोणी ती गरम असतांनाच नळीसारखी गुंडाळतात, कोणी दोन चकत्यांमध्यें काळ्या द्राक्षांचा मुरंबा घालतात. नाताळ, ईस्टर, बारसें, लग्न, कोणतेंही मंगल कार्य हिच्यावांचून पुरें होत नाहीं.

या सांच्याचें कूळ मोठें जुनें आहे. मध्ययुगांत युरोपांतील देवळांत प्रसादाची पातळ भाकरी अशाच दोन लोखंडी तबकड्यांमध्यें भाजीत आणि तीवर धर्मचिन्ह उमटवीत. तीच युक्ति पुढें घरोघर आली. फ्रान्सांतील ‘गोफ्र’ व नॉर्वेंतील ‘क्रुमकाके’ हीं याच कुळांतलीं भावंडें. प्रार्थनेशीं असलेला तो संबंध आब्रुत्सोच्या स्वयंपाकघरांत आणखी एका रीतीनें टिकला. जेथें घड्याळ नव्हतें तेथें बाया चकती विस्तवावर धरून एका बाजूस एक प्रार्थना म्हणत, सांचा उलटा करीत व दुसऱ्या बाजूस दुसरी म्हणत. प्रार्थना संपली कीं चकती तयार. आमची आजी दूध उतूं जाण्याचा अंदाज रामरक्षेच्या श्लोकांवर ठेवीत असे, त्याची आम्हांस येथें आठवण झाली.

आब्रुत्सोचें नांव पुष्कळ वाचकांस नवें वाटेल. परंतु त्या भूमीशीं आपला एक दुःखाचा ऋणानुबंध आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ च्या नोव्हेंबरांत, याच प्रांतांतील सांग्रो नदीवर मोठी लढाई झाली. तींत आठवी हिंदी डिव्हिजन लढली व तिच्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. ज्यांच्या देहांस अग्नि देण्यांत आला अशा पांचशेंहून अधिक हिंदी सैनिकांचें स्मारक तेथील युद्धस्मशानांत आजही उभें आहे.

ज्या भूमीवर हें युद्ध झालें ती आधींच दरिद्री होती. डोंगरांतील शेती घरच्या माणसांस पुरत नसे. १८८० ते १९२४ या काळांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन माणसें अमेरिकेंत गेलीं. त्यांत आब्रुत्सोचीं कुटुंबें पुष्कळ होतीं. युद्धानंतर अनेक तरुण बेल्जमच्या कोळशाच्या खाणींत उतरले. ८ ऑगस्ट १९५६ रोजीं तेथील मार्सिनेल गांवच्या खाणींत आग लागून २६२ माणसें मेलीं. त्यांपैकीं १३६ इटालियन होतीं आणि त्यांतील ६० एकट्या आब्रुत्सोचीं. ज्या मुलखांतून माणसें अशीं पांगलीं, तेथें घराचें नांव कोरलेल्या सांच्यास किती मोल असेल याची कल्पना यावरून येईल. बोटीवर चढतांना बांधलेल्या थोडक्या सामानांत तो जड सांचाही असे.

सांचा नेतां येतो. परंतु कृति कशी न्यावी? आब्रुत्सोच्या गृहिणीस ती विचारली तर उत्तर मिळतें, “दर अंड्यास एक चमचा साखर, एक चमचा तेल आणि पीठ मावेल तितकें.” ‘मावेल तितकें’ या दोन शब्दांतच सारी विद्या सांठवलेली आहे. ती कोरतां येत नाहीं. ती हातांत असते आणि हाताबरोबर जाते.

आमच्या घरीं हा पदार्थ आला तो याच वाटेनें. आमची एक पुतणी अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत पिट्सबर्ग शहरीं राहते. त्या शहरांत लग्नसमारंभाला मिठाईचें एक स्वतंत्र टेबल मांडण्याची पद्धत आहे. आप्तेष्टांच्या बाया आपापल्या घरून डबे भरून आणतात आणि त्यांत पित्सेल्ले हटकून असतात. पुतणीच्या शेजारच्या वृद्ध बाई आब्रुत्सोहून आलेल्या आईबापांच्या पोटीं अमेरिकेंत जन्मलेल्या. आईचा लोखंडी सांचा त्यांनीं भिंतीवर जपून ठेवला होता व रोजच्या कामास अल्युमिनियमचा घेतला होता. त्यांचीं मुलें दूरच्या शहरांत. तीं दुकानांतून डबा विकत घेतात. “मला कोणीं विचारलेंच नाहीं,” असें त्या एकदां सहज म्हणाल्या. तेव्हां आमच्या पुतणीनें विचारलें.

बाईंनीं आनंदानें शिकवावयाचें कबूल केलें. पण माप सांगतां येईना. त्या पिठांत हात घालीत व मूठ भरून टाकीत. अखेर पुतणीनें एक उपाय काढला. बाईंनीं मूठ भरली कीं ती प्रथम ताजव्यावर घ्यावी, वजन वहींत टिपावें आणि मग पीठ भांड्यांत पडूं द्यावें. तीन रविवार असें चाललें. तिन्ही वेळां मुठी निराळ्या भरल्या, परंतु एकंदर वजन जवळजवळ तेंच आलें. पुढील प्रमाण त्या वहींतलें आहे.

अंडीं ३, साखर १५० ग्रॅम, वितळवून निववलेलें लोणी ११० ग्रॅम, मैदा २२० ग्रॅम, बेकिंग पावडर चहाचे २ चमचे, अनीस जाडसर कुटून १ मोठा चमचा व चिमूटभर मीठ. आब्रुत्सोंत लोण्याऐवजीं ऑलिव्हचें तेल घालतात व बेकिंग पावडर पुष्कळ घरीं वापरीत नाहींत. लोणी व पावडर ही अमेरिकेंतली भर होय.

अनीसाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्या मुखशुद्धीची बडीशेप, अनीस आणि मसाल्यांतलें चक्रीफूल या तीन निरनिराळ्या वनस्पति आहेत. परंतु तिघींच्या वासाचें मुख्य द्रव्य एकच, अनेथोल. म्हणून अनीस न मिळाल्यास बारीक लखनवी बडीशेप किंचित् कोमट करून कुटून घालावी. वास थोडा सौम्य येतो, परंतु जात तीच. चक्रीफूल मात्र फार उग्र. तें घालूं नये.

अंडीं व साखर साखर विरेपर्यंत घोटावीं. लोणी व अनीस घालावें. मैदा, मीठ व पावडर एकत्र चाळून थोडें थोडें मिसळावें. पीठ चमच्यांतून आपोआप ओघळतां कामा नये. चमचा झटकल्यावर ढेकळासारखें पडावें. तें पाव तास झांकून ठेवावें. सांचा दोन्ही बाजूंनीं चांगला तापवून प्रथम एकदां तेलाचें बोट फिरवावें. चमचाभर पीठ बरोबर मध्यावर न ठेवतां बिजागरीच्या बाजूस किंचित् सरकवून ठेवावें. कारण सांचा मिटतांना तें पुढें ढकललें जातें. दाबून धरतांच वाफ येऊं लागते. विस्तवावरील सांचा अर्ध्या मिनिटानें उलटावा. वाफ थांबली म्हणजे चकती झाली असें समजावें.

सांच्यांतून काढलेली चकती मऊ असते. त्यामुळें ती बिघडली असें वाटून नवखी गृहिणी पुनः भाजावयास जाते व करपवते. आमच्याही हातून पहिल्या चार चकत्या अशाच गेल्या. वास्तविक गरम साखर मऊ असते व निवतांच ती कांचेसारखी कडक होते. म्हणून चकती जाळीवर एकेरी पसरावी आणि स्वस्थ बसावें. मिनिटाभरांत ती कुरकुरीत होते. नळी करावयाची असल्यास मात्र हात भाजत असतांनाच लाटण्याच्या दांड्यावर गुंडाळावी. एकदां कडक झाल्यावर ती तुटते. गरम चकत्या एकावर एक रचल्यास त्यांच्याच वाफेनें मऊ पडतात. पूर्ण निवाल्यावर घट्ट झांकणाच्या डब्यांत भराव्या. पावसाळ्यांत सादळल्यास मंद आंचेवर पुनः शेकाव्या.

सांच्याविषयीं एक सूचना. अमेरिकेंतला विजेचा सांचा १२० व्होल्टचा असतो व आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. तो तसाच लावल्यास जळून जाईल. गॅसवर ठेवण्याचा अल्युमिनियमचा सांचा अधिक सोईचा. आमच्या पुतणीनें तोच धाडला.

आतां अंड्यांचा प्रश्न. आमच्याप्रमाणें पुष्कळ घरीं वडील मंडळींस अंडें चुलीपाशीं आलेलें खपत नाहीं आणि त्यांचें मन मोडून केलेल्या पक्वान्नास चव ती कसली? आमच्या घरीं मागच्या गच्चीवर निराळी शेगडी व निराळीं भांडीं ठेवून तडजोड झाली. ज्यांस तेवढेंही नको त्यांनीं अंड्याऐवजीं दूध व थोडें कॉर्नफ्लॉवर घालून पाहावें. चकती होते, वासही तोच येतो. परंतु अंड्यानें येणारी बांधणी नसल्यानें ती अधिक ठिसूळ होते व सांच्यास चिकटूं पाहते, म्हणून दर वेळीं तेलाचा हात फिरवावा लागतो. ती निराळी वस्तु समजून खावी. तींत उणेपणा मानण्याचें कारण नाहीं.

वही हातीं आली त्या दिवशीं आम्हांस आमच्या थोरल्या आत्याबाईंची आठवण झाली. त्यांच्या अनारशांस जी जाळी पडे ती पुढें आमच्या घरीं कोणाच्याच हातून पडली नाहीं. तांदूळ किती दिवस भिजवावे, गूळ किती घालावा, हें त्या सांगत. पण पीठ मळतांना त्या मध्येंच थांबत, बोटांनीं दाबून पाहत आणि “हं, झालें” असें म्हणत. तें ‘झालें’ म्हणजे काय, हें त्यांस कोणीं विचारलें नाहीं. घरांत त्या वेळीं पंधरा माणसें होतीं. आम्ही सारे अनारसे खाण्यांत गुंतलों होतों. आत्याबाई गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती खूणही गेली. आम्हांस त्यासाठीं बोट घेऊन परदेशीं जावें लागलें नाहीं. एकाच वाड्यांत राहून आम्ही ती घालवली.

एकत्र कुटुंबांत सारें आपोआप पुढच्या पिढीस मिळतें, असें आपण समजतों. भांडीं मिळतात, पाटावरचें नांव मिळतें. परंतु हातांतली विद्या मागितल्याशिवाय मिळत नाहीं. ज्या घरीं अजून कोणी आजी, काकू, आत्या मुठीनें पीठ घालणारी असेल त्या घरच्या सुनांनीं, मुलींनीं आणि मुलग्यांनींही येत्या सणाला ताजवा व वही घेऊन तिच्याजवळ बसावें. तिची मूठ आधीं ताजव्यावर घ्यावी. ती हंसेल, “असलीं मापें कशाला?” म्हणेल, तरी वजन टिपून ठेवावें. आणि ती “झालें” म्हणेल तेव्हां आपलेंही बोट पिठांत दाबून पाहावें. कारण तेवढें मात्र वहींत लिहितां येत नाहीं.

पिट्सबर्गच्या त्या बाईंना आमच्या पुतणीनें वहीची एक प्रत करून दिली. ती त्यांनीं आपल्या मुलांस धाडली असें कळतें. आमच्या सांच्यावर कोणाचींच अक्षरें नाहींत, साधें फूल आहे. यंदा दिवाळीच्या फराळांत चकल्या-करंज्यांच्या शेजारीं तें फूल उमटलेल्या चकत्यांचा एक डबा होता. अनारसे नव्हते.