शब्द ठाऊक आहे, पण जीभ ऐकत नाही : अ‍ॅप्रॅक्सिया म्हणजे काय?

लकवा येऊन गेलेला माणूस गणपतीची आरती धडाधड म्हणतो, एक ते दहा आकडेही मोजतो. पण 'काय हवंय?' विचारलं की 'पाणी' एवढा शब्द काढताना ओठ चाचपडत राहतात. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतोय. शेजारी म्हणतात, डोकं फिरलं. दोन्ही चूक.

हा अ‍ॅप्रॅक्सिया असू शकतो. यात ओठ-जिभेत ताकद असते, शब्दही मनात तयार असतो. पण कोणती हालचाल कुठल्या क्रमाने करायची, ही मेंदूतली आखणी विस्कटते. म्हणून 'पाणी'चं एकदा 'ताणी' होतं, नंतर 'पाकी', आणि मधेच अचानक बरोबर निघतं. सवयीचं बोलणं आपसूक येतं, ठरवून बोलायचं ते अडतं. हाताचंही तसंच. रोज केस विंचरणारा माणूस डॉक्टरांनी 'कंगवा कसा फिरवता, दाखवा' म्हटलं की गोंधळतो. जर्मन डॉक्टर ह्यूगो लीपमान यांनी १९०० साली असाच रुग्ण नोंदवला. त्याचा उजवा हात सांगितलेलं करीना, डावा करायचा. त्याआधी त्याची बुद्धीच गेली, असं समजलं गेलं होतं.

मोठ्यांत बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका कारण असतो. काही मुलांत मात्र हा त्रास लहानपणापासूनच दिसतो आणि कारण अनेकदा सापडत नाही. बेळगाव-निपाणीकडे अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो : घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, त्यानं पोर गोंधळलंय, मराठी बंद करा! जास्त भाषांमुळे अ‍ॅप्रॅक्सिया होत नाही. मराठी तोडली तर उलट आजीशी बोलायची सोय तेवढी जाते.

यावर गोळी नाही. स्पीच थेरपिस्टकडे मोजके शब्द, तोंडाकडे बघत, हळू, ठेक्यावर, पुन्हा पुन्हा म्हणायचे. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा रोज थोडा वेळ बरा. घरच्यांनी शब्द तोंडातून ओढून पुरा करू नये. थांबावं, 'चहा की पाणी?' असं विचारावं, चित्रं किंवा मोबाईल हाताशी ठेवावा. तपासणीसाठी म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आहे, मुंबईत अली यावर जंग संस्था आहे.

कायमचा दोष राहिला तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व धरलेलं आहे. त्याचं यूडीआयडी कार्ड देशभर चालतं; म्हणजे बेळगावात काढलेलं कोल्हापुरातही. पेन्शनचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे, ते ज्या त्या ठिकाणीच विचारावे लागतात.