दशावताराचे बाकडे आणि रिओचे नाटक

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की काही मिनिटांत तेरेखोलचा काठ येतो. गाव गोव्याच्या पेडणे तालुक्यातले, पण नदीच्या उत्तरेला; जमिनीच्या बाजूने पाहावे तर भोवती सगळा सिंधुदुर्ग. किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंतांचा. 1746 मध्ये तो पोर्तुगीजांनी घेतला. आत सेंट अँथनीचे चॅपेल आहे, आणि खाली दोन्ही काठांच्या वाड्यांवर दिवाळी सरली की जत्रांचे दिवस मोजायला लागतात. जत्रा म्हणजे दशावतार, आणि दशावतार म्हणजे रात्र जागवणे.

ज्या राज्याने हा किल्ला घेतला त्याच राज्याची ब्राझील ही वसाहत. तिथून आलेला काजू इथल्या डोंगरउतारांवर असा माजला की तो परका आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. नाटक मात्र जहाजात बसून आले नाही. दोन्हीकडे ते आपापल्या वाटेने वाढले. म्हणूनच ती दोन शेजारी ठेवून पाहण्यात गंमत आहे.

ब्राझीलमध्ये नाटक आले जेझुइटांबरोबर. जुझे द आंशिएता हा पाद्री 1553 मध्ये तिथे पोचला आणि तुपी, पोर्तुगीज, स्पॅनिश अशा भाषा मिसळून धर्मनाट्ये लिहू लागला. त्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचत होते. ते 1616 मध्ये छापले गेले. पण तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, देवळेच पाडली गेली होती, तिथे काला, म्हणजे देवळापुढचा दशावतारी खेळ, कुठे व्हायचा? 1736 मध्ये तर इन्क्विझिशनने लग्नातल्या गाण्यांवर आणि रीतिरिवाजांवर बंदी घातली. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, पेडणे 1788 मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतल्या लोकांच्या धर्मात, रूढीत हात घालायचा नाही असे धोरण होते. साखळीच्या चैत्रोत्सवातला वीरभद्र किंवा पेडण्यातला दशावतार आज आपल्याला दिसतो, त्यात हा मुलूख उशिरा जिंकला जाण्याचा मोठा वाटा आहे.

दशावताराचा थाट तो काय? देवळासमोर मोकळी जागा, मागे पडदा, मध्ये एक लाकडी बाकडे. हे बाकडे म्हणजे इंद्राचे सिंहासन, कैलास, रथ आणि वेळ पडली तर वनातली शिळासुद्धा. बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. आधी गणपती येतो, मग सरस्वती. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा संकासुर काळ्या कपड्यांत, लांब लाल जीभ लोंबवत मालवणीतून अशी काही बडबड करतो की पुढे बसलेली पोरे आईच्या पदराआड जातात आणि पुन्हा डोके बाहेर काढतात. तो मेला की आख्यान सुरू. संहिता नाही. मंडळीत कथा ठरते, कोण काय करणार ते ठरते, बाकी सगळे रंगल्या जागी. राजा म्हणून आलेला नट दहा मिनिटे शास्त्रार्थ करतो, समोरचा त्याला अडवतो, आणि मध्येच गावच्या रस्त्यावर एखादी कोटी होऊन जाते. स्त्रीपात्रे पुरुषच करतात, आणि लुगड्याचा पदर सावरण्यात असे कसब की गावातल्या बायका त्यावर नंतर चर्चा करतात. पहाटे दहीहंडी फुटते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात छापील अक्षरावर सेन्सॉरची नजर असे. पण जे लिहिलेलेच नाही ते सेन्सॉर वाचणार कुठून?

हे झाले गावातले. ज्याला आपण आधुनिक मराठी नाटक म्हणतो त्यासाठी गोव्याच्या माणसांना मुंबई गाठावी लागली. 1 जुलै 1933 रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्न्सनचे, रूपांतर श्री. वि. वर्तकांचे. नायिका होत्या ज्योत्स्ना भोळे, जन्म गोव्यातल्या बांदिवड्याचा. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायची, घर घरासारखे दिसले पाहिजे, पदांचा पाऊस थांबवायचा, असा तो बदल होता. नाट्यमन्वंतर फार काळ टिकले नाही, तरी दार उघडले ते उघडलेच.

रिओमध्ये असेच दार 28 डिसेंबर 1943 रोजी उघडले. नेल्सन रॉद्रिगिश यांचे ‘व्हेस्तिदु द नॉइव्हा’, म्हणजे नवरीचा पोशाख, त्या दिवशी म्युनिसिपल थिएटरात झाले. मोटारीखाली सापडलेली एक बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. तिचे वास्तव, तिच्या आठवणी आणि तिचे भास अशा तीन पातळ्या एकाच मंचावर. दिग्दर्शक झ्येंबिन्स्की हा युद्धातून पळून आलेला पोलिश निर्वासित. प्रकाशयोजनेने त्याने काळ उलटासुलटा केला. तोवर तिथले लोकप्रिय नाटक एखाद्या मोठ्या नटाभोवती फिरणारे हलकेफुलके होते. पुढच्याच वर्षी अब्दियास दु नासिमेंतु यांनी कृष्णवर्णीयांची प्रायोगिक नाट्यसंस्था काढली, कारण गुलामांच्या वंशजांच्या भूमिकासुद्धा गोरे नट तोंडाला काळे फासून करत. पुढे साओ पाउलोत ‘तियात्रु द अरेना’ उभे राहिले. 1958 मध्ये तिथे ग्वार्निएरींचे संपकरी कामगारांवरचे नाटक आले आणि कारखान्यातला माणूस नायक झाला. ईशान्येच्या दुष्काळी मुलखातल्या जत्रेतल्या गोष्टी घेऊन आरिआनु सुआसुना यांनी ‘आउतु दा कोंपादेसिदा’ लिहिले; पेडण्याच्या प्रेक्षकाला यातला ठकसेन नायक लगेच कळेल.

1964 मध्ये लष्कर सत्तेवर आले. 13 डिसेंबर 1968 च्या फर्मानाने उरलेसुरले स्वातंत्र्यही गेले. अरेनाचे दिग्दर्शक आउगुस्तु बोआल यांना 1971 मध्ये पकडून छळले आणि मग ते देशाबाहेर पडले. मला ब्राझीलच्या नाटकात सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस. त्यांनीच सांगितलेली एक हकीकत आहे. त्यांची मंडळी ईशान्येच्या खेड्यांत जमिनीसाठी रक्त सांडण्याची गाणी म्हणत फिरत होती. प्रयोग संपल्यावर व्हिर्जिलिओ नावाचा शेतकरी पुढे आला : चला, बंदुका घ्या, आत्ताच जमीनदारावर जाऊ. नट म्हणाले, आमच्या बंदुका खोट्या आहेत. तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत. तेव्हा नटांना कबूल करावे लागले की आम्ही फक्त नट आहोत. म्हणजे ज्या रक्ताची गाणी चालली होती ते नटांचे नव्हते, शेतकऱ्याचेच होते.

दुसऱ्याला लढायला सांगायचे नाटक बोआल यांनी सोडून दिले. प्रेक्षकाने मध्येच थांबवावे, स्वतः नटाच्या जागी उभे राहावे आणि गोष्टीचा शेवट बदलून पाहावा, अशी पद्धत त्यांनी घडवली. पुढे मायदेशी परतून रिओच्या नगरपालिकेत निवडून गेल्यावर (1993 ते 1996) वस्त्यांमधल्या अशा प्रयोगांतून निघालेल्या सूचनांचे त्यांनी 13 कायदे करून घेतले. बंगालात जन संस्कृती ही संस्था अनेक वर्षे प्रेक्षकाला मंचावर आणण्याचे हेच काम खेड्यांतून करते आहे.

आता आपल्या बाकड्याकडे या. बोआल ज्याच्या शोधात होते त्यातले बरेच दशावतारात आधीपासून आहे. नट आणि प्रेक्षक यांच्यात भिंत नाही, संवाद उत्स्फूर्त आहेत, गावातला माणूस टोमण्यात येतो. एकच गोष्ट नाही : शेवट बदलत नाही. संकासुर मरायचाच, कौरव हरायचेच. वाक्य मोकळे, कथा बंद. तिच्यातली अबला कितीही छान बोलली तरी तिचा निकाल आधीच लागलेला असतो. माझ्या मते आपल्या लोकनाट्याच्या आधुनिकतेची खरी कसोटी इथे आहे. हल्ली गाजणाऱ्या ट्रिकसीनमध्ये ती मला दिसत नाही. धूर, रंगीत दिवे, हवेत लटकणारा राक्षस यांनी गर्दी वाढते, हे खरे. पण बोलणारा नट त्यात मागे पडतो आणि दशावताराचे बळच बोलण्यात आहे.

गोवा हिंदू असोसिएशनने 1970 मध्ये ‘नटसम्राट’ उभे केले, कला अकादमीच्या नाट्यस्पर्धांमधून गावोगावची हौशी मंडळी नवी नाटके करतात, देवळाच्या उत्सवासाठी पेडणे-डिचोलीची पोरे ऑफिस सुटल्यावर तालमी करतात. या पोरांच्या अंगात दशावतार असतोच, कारण लहानपणी देवळासमोर बसून तो पाहिलेला असतो. एखाद्या मंडळाने खाणीवरून गावात झालेला वाद आख्यानासारखा घ्यावा आणि मध्यरात्री प्रेक्षकांना विचारावे : राजाने आता काय करावे? विचारायला बाकडे आहे, पायपेटी आहे, आणि उत्तर द्यायला पुढे बसलेली माणसेही आहेत. त्यांतली निम्मी ग्रामसभेत एरवी गप्प बसणारी.