पडू नये ते घर, उडू नये तो तंबू!

दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. तापीकाठचं हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबारमध्ये. राहुट्या, मंडप, दुकानं उभी राहतात, घोड्यांच्या शर्यती रंगतात. यात्रा उठली की सगळं गुंडाळून पुढच्या गावी!

मोटारींच्या शर्यतीतही असंच चालतं बरं का. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी विजेवरच्या गाड्या धावल्या, त्याही शहराच्या रोजच्या रस्त्यांवर, म्हणजे तिथलं सगळं तात्पुरतंच. युरोपात तर फॉर्म्युला वनचे संघ आपली बहुमजली इमारतच ट्रकांत भरून गावोगाव नेतात.

मग ही इमारत पटकन जोडायची कशी? वेल्डिंग करायचं नाही, नट-बोल्ट वापरायचे. सगळे खांब एका मापाचे, म्हणजे कुठलाही कुठेही बसतो. आणि चौकटीत एक तिरका दांडा हवाच. खोटं वाटतं? आइस्क्रीमच्या चार काड्या टाचणीने जोडून चौकोन करा नि कोपऱ्यावर ढकला. लगेच कलंडेल. आता कर्णावर पाचवी, जरा लांब पट्टी लावा. चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आता ढकला पाहू!

पण खरा वैरी वारा. सिमेंटचं घर पडू नये म्हणून बांधतात, हे हलकंफुलकं घर मात्र उडू नये म्हणून! वारा काय करतो ते रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा. मोठी पानं, उथळ मुळं, एका वादळात अख्खी बाग आडवी. ताशी ६० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला ढोबळमानाने १७ किलोचा रेटा देतो. तीन बाय चार मीटरची कनात म्हणजे दोनशे किलो! आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट.

यात्रेत तंबूवाले खुंटा ठोकतात, तोही सरळ नाही. त्याचं डोकं तंबूपासून लांब झुकलेलं असतं, म्हणजे दोर ओढला तरी तो सहजी उपटत नाही. डांबरी रस्त्यावर खुंटा कुठे ठोकणार, भो? तिथे खांबाच्या पायाशी प्लॅस्टिकची रिकामी टाकी ठेवतात नि पाण्याने भरतात. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो! ट्रकमधून हे ओझं वाहायला नको. शर्यत संपली की नळ सोडायचा, पाणी झाडांना द्यायचं आणि हलकी झालेली टाकी उचलून ट्रकवर चढवायची.