समुद्रकांठची सुटी कोणाची?

सुटी जवळ आली कीं घरोघर एकच विषय निघतो: यंदा कोठें जावयाचें? सातारा-सांगलीकडील घरांत या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां कोंकणचा समुद्र हेंच येतें. थोरले बंधु साताऱ्यास, धाकटे सांगलीस, मुलेंबाळें धरून पंधरा-सोळा माणसें, आणि वर्षांतून चार दिवस तरी सर्वांनीं एकत्र राहावें ही आजींची इच्छा, असें चित्र कितीतरी कुटुंबांत दिसेल. पुरुषमंडळी नकाशा पाहतात, मुलें दिवस मोजतात, आणि गृहिणी मात्र मुकाट्यानें डबे भरावयास लागतात. म्हणून बेत ठरविण्यापूर्वीं एक प्रश्न घरांत मोकळेपणीं विचारला जावा: ही सुटी नक्की कोणाची?

वास्तविक हा प्रवास आपल्यापैकीं अनेक घराण्यांना नवा नाहीं; तो केवळ उलट दिशेचा आहे. सांगलीच्या पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे रत्नागिरीजवळील कोतवड्याचे आणि पुळ्याच्या गणपतीचे उपासक. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून देशावर आले व १७१३ सालीं शाहूमहाराजांचे पेशवे झाले. पूर्वज ज्या वाटा उद्योगासाठीं चढले, त्याच दिशेनें आपण आतां विश्रांतीसाठीं उतरतों, इतकाच फरक.

दोन गांवांच्या मंडळींनीं भेटावयाचें असल्यास गणपतीपुळें हें ठिकाण सोयीचें आहे. सांगलीकरांनीं कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट व साखरपा या मार्गानें यावें. अंतर सुमारें २०० किलोमीटर भरतें. सातारकरांनीं उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गांठावें. तेथून सरळ दक्षिणेस जातां येतें. पण वृद्ध माणसें बरोबर असल्यास पहिला मुक्काम गुहागरास करून व्याडेश्वराचें दर्शन घ्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं तवसाळहून फेरीबोटीनें शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडास उतरावें. गाडीसह होडींतून खाडी पार करण्यांत मुलांना जो आनंद होतो, तो शंभर खेळण्यांनीं होणार नाहीं. काळ दिवाळीनंतरचा चांगला. पाऊस संपलेला असतो, घाट हिरवे असतात, आणि मे महिन्यांतील घामाचा त्रास नसतो. संकष्टी व अंगारकी मात्र टाळावी. त्या दिवशीं देवळांत फार गर्दी होते.

आतां मुख्य मुद्दा. कित्येक कुटुंबें काटकसर म्हणून सबंध बंगला भाड्यानें घेतात आणि शेगडी, पोळपाट, डाळतांदूळ घेऊन निघतात. परिणाम असा होतो कीं, सांगलीच्या स्वयंपाकघरांतून सुटलेली सून पुळ्याच्या स्वयंपाकघरांत अडकते. तेथें तर तिच्या हाताशीं नेहमींचें पातेलेंही नसतें! समुद्र खिडकींतून दिसतो, पण दोन वेळां पंधरा पानें वाढून होईतों सूर्य मावळलेला असतो. ही काटकसर एकाच माणसाच्या श्रमावर केलेली असते, हें हिशेबाच्या वहींत कोठेंच दिसत नाहीं.

या बाबतींत परदेशचें एक उदाहरण पाहण्याजोगें आहे. वेल्समधील लँडुडनो या समुद्रकांठच्या गांवीं १८५८ सालीं आगगाडी पोहोंचली, आणि सहकुटुंब येणाऱ्या लोकांसाठीं तेथें राहण्या-जेवणाचीं घरगुती निवासस्थानें वाढत गेलीं. घरधनीण चहा-नाष्टा व जेवण करून देई; पाहुण्या बाईला चूल पेटवावी लागत नसे. आपल्या कोंकणांतही आज हीच सोय आहे. पुळें, मालगुंड, गुहागर या भागांत अनेक घरांतून खोली व घरगुती जेवण मिळतें, आणि सोंवळ्याओंवळ्याचें वा उपवासाचें पथ्य आधीं कळविल्यास तेंही सांभाळलें जातें. आपल्या सुनेला विश्रांति आणि कोंकणांतील एका घराला चार पैसे, असा हा व्यवहार दोघांच्याही हिताचा आहे.

दुसरा मुद्दा याहून गंभीर. पुळ्याचा किनारा उतरता आहे व तेथें बुडून मृत्यू झालेले आहेत. लाटांनीं आणलेलें पाणी एखाद्या अरुंद वाटेनें जोरानें परत फिरतें; त्या ओढींत सांपडल्यास समोरच्या किनाऱ्याकडे झगडत न येतां आडवें, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावें, असें जाणते सांगतात. पण मुलांकरितां नियम एकच: गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि ओहोटींत पाण्यांत उतरणें नको. भरतीचा अंदाज पंचांगावरून करतां येतो. तिथीची पाऊणपट केली कीं मुंबईची भरतीची वेळ साधारण येते: चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. रत्नागिरीकडे ती कांहींशी आधीं येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतें. अर्थात् हा स्थूल हिशेब झाला. नक्की वेळ छापील कोष्टकांत पाहावी, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर त्याचा शब्द अखेरचा मानावा.

मुलांवर लक्ष ठेवण्याचें हें कामही बहुधां आई आणि काकूंकडेच येतें. पदर खोंचून, चपला सांभाळीत त्या वाळूंत उभ्या असतात. बाबा, काका व मोठ्या मुलांनीं या कामाच्या पाळ्या लावून घ्याव्या व आपल्या पाळींत दूरध्वनि खिशांत ठेवावा. त्या वेळीं जावाजावांनीं मालगुंडास जाऊन केशवसुतांचें जन्मस्थान पाहावें, अथवा कांहींही न पाहतां बसावें. आजींना पहांटे, ऊन चढण्यापूर्वीं, देवळामागील टेकडीची प्रदक्षिणा घडवावी. ती सुमारें एक किलोमीटरची आहे, म्हणून सोबत एक नातू आणि बसावयास एक घडीचें आसन असूं द्यावें.

तेव्हां यंदा बेताचा कागद लिहावयास घेतांना खर्च व मुक्काम यांच्या आधीं घरांतील प्रत्येकाचें नांव लिहावें, आणि त्यापुढें त्याला रोज किती तास मोकळे मिळणार तो आंकडा मांडावा. ज्या नांवापुढें शून्य येईल, तेथूनच बेत पुन्हा आंखावयास घ्यावा. परत येतांना आंबा घाटांत गाडी थांबेल, तेव्हां थोरल्या वहिनींनाही मागें वळून पाहावयाला एक समुद्र असावा.