टॉल्किनच्या कल्पित विश्वातील उपासना : मंदिराच्या अभावाचा अर्थ

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या बृहत्कादंबरीत भाषा, वंशावळी, कालगणना यांचा विस्मयकारक तपशील आढळतो. मात्र मंदिर, पुरोहित वा पूजाविधी जवळजवळ आढळत नाहीत. यावरून हे विश्व धर्मनिरपेक्ष असल्याचा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो घाईचा आहे. रॉबर्ट मरे या जेझुइट स्नेह्यास १९५३ मध्ये लिहिलेल्या पत्रात टॉल्किन यांनी आपली कृती मूलतः धार्मिक व कॅथलिक असल्याचे सांगितले असून, धर्मतत्त्व कथेत व प्रतीकांत विरून गेल्यामुळेच पंथ व विधी यांचे उल्लेख आपण वगळले, असा खुलासा केला आहे.

या विश्वाची मूळ मांडणी मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द सिल्मरिलियन' (१९७७) या ग्रंथात येते. एरू इलुवतार हा एकमेव निर्माता होय. त्याने प्रथम निर्मिलेल्या दिव्य सत्त्वांच्या संगीतातून सृष्टीचा आराखडा साकारतो आणि त्यांपैकी थोर असे वालार तिचे पालन करतात. वालारांना सरसकट 'देव' म्हणण्याचा मोह अध्यापनात टाळावयास हवा, कारण ते स्वतः निर्मित आहेत. आउले हा वालार स्वबुद्धीने खुजांना, म्हणजे ड्वार्फ लोकांना घडवितो. परंतु त्यांना स्वतंत्र अस्तित्व लाभते ते एरूच्या स्वीकारामुळेच. एल्फ लोक तारकांची स्वामिनी वार्दा हिला एल्बेरेथ या नावाने गीतांतून आळवितात, तथापि तिची मूर्ती वा देवालय उभारलेले दिसत नाही.

उपासनेचे सर्वांत सविस्तर चित्र नूमेनॉर या मानवी बेटराज्यात मिळते. तेथील मेनेल्तार्मा पर्वताचे शिखर एरूला वाहिलेले होते. त्यावर इमारत नव्हती, वेदी नव्हती, अनघड दगडांची राससुद्धा नव्हती. वर्षातून तीनदा, वसंतारंभी प्रार्थनेसाठी, मध्य ग्रीष्मात स्तुतीसाठी व शरदाच्या अखेरीस कृतज्ञतेसाठी, राजा पायी वर जाई. शुभ्र वस्त्रे व पुष्पमाला धारण केलेला जनसमुदाय मागून मूकपणे चाले. शिखरावर बोलण्याचा अधिकार एकट्या राजाला होता.

पुढे मृत्यूच्या भयाने ग्रासलेल्या राजवंशात ही यात्रा क्षीण होत गेली. बंदी म्हणून आणलेला सौरॉन राजा आर-फाराझोनचा सल्लागार बनला. एरू ही वालारांनी रचलेली कल्पना असून खरा स्वामी मेल्कोर आहे, अशी शिकवण त्याने दिली. त्यानंतरच नूमेनॉरमध्ये मंदिर उभे राहिले : पाचशे फूट व्यासाचे, तितक्याच उंच व पन्नास फूट जाडीच्या भिंतींचे, वर रुपेरी घुमट. मृत्यूपासून सुटका व्हावी म्हणून तेथे नरबळी दिले जाऊ लागले आणि त्या धुराने घुमट काळवंडला. एरूनिष्ठांना बळी देताना मेल्कोरची पूजा नाकारल्याचा आरोप उघडपणे ठेवला जात नसे. ठेवला जाई तो राजद्रोहाचा. धर्मसत्ता राजसत्तेची भाषा कशी बोलते, याचे इतके नेमके निरीक्षण अद्‌भुतकथेत क्वचितच आढळेल. मेनेल्तार्माचे शिखर भ्रष्ट करण्याचे धाडस सौरॉनलाही झाले नाही, परंतु तेथे चढणाऱ्यास राजाने देहदंड ठरविला. म्हणजे या विश्वात भव्य मंदिराची वास्तू येते ती असत्योपासनेच्या बाजूने. कादंबरीतील मंदिरशून्यता या पूर्वेतिहासाच्या प्रकाशात वाचली पाहिजे.

नूमेनॉर बुडाल्यानंतर उरते ती केवळ एक मूक कृती. फारामीर व त्याचे सैनिक भोजनापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात. बुडालेल्या नूमेनॉरचे, त्यापलीकडील एल्फभूमीचे आणि तिच्याही पलीकडे जे सदैव राहील त्याचे ते स्मरण असते. तुमच्याकडे अशी रीत नाही काय, असे तो विचारतो तेव्हा फ्रोडो या हॉबिटाला आपण गावंढळ असल्यासारखे वाटते. पाहुणे म्हणून गेलो तर यजमानाला वाकून नमस्कार करतो आणि जेवण झाल्यावर त्याचे आभार मानतो, एवढेच तो सांगतो.